भट्टीची वार्षिक तपासणी

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात. निवृत्त अधिकाऱ्याला भिंत पुरत नाही, त्याला बायकोची भट्टी लागते.

साहेबांना निवृत्त होऊन सात महिने झाले होते. तेवढ्यात त्यांनी घरातल्या यच्चयावत वस्तूंची तपासणी उरकली होती. फ्रीजमागची धूळ, गॅसच्या नळीची मुदत, पंख्याच्या पात्यांचा तोल, उशांची जाडी, सगळ्यांच्या नोंदी एका लांबट वहीत झाल्या होत्या, आणि प्रत्येक नोंदीखाली त्यांची सही होती. ती वही घरात कुणी वाचत नसे. पण ती सरकारी नोकरीतही कुणी वाचत नसे, त्यामुळे साहेबांना त्याचं काही वाटत नसे. तपासायचं राहिलं होतं ते फक्त तळमजल्यावरच्या गाळ्यातलं बायकोचं राज्य.

त्यांना साहेब म्हणायचं कारण एवढंच, की एकतीस वर्षं गोदाम तपासणी खात्यात सगळे त्यांना साहेब म्हणत. आता तसं म्हणणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. बायको त्या गाळ्यात गेली वीस वर्षं मातीकाम शिकवत होती. शिकायला येणारे तिला ताई म्हणत, मग इमारतीतले म्हणू लागले, मग कुरियरवाला आणि दूधवालासुद्धा. आणि साहेबांना बघितलं की लोक विचारत, "तुम्ही ताईंचे मिस्टर ना?" ज्या माणसाच्या एका शेऱ्याने गोदामांना टाळं लागलं, त्याला हे ऐकून घ्यावं लागे. होय म्हणून पुढे जाताना साहेबांचे खांदे इंचभर खाली आलेले असत.

त्या आठवड्यात ताईंचं पहिलं प्रदर्शन होतं. पहिलं म्हणजे स्वतःचं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांची तीन प्रदर्शनं झाली होती. तिथे ताईंनी फिती कापल्या, भाषणं केली आणि घरी येऊन कुकर लावला. आता वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी रविवारसाठी एक दालन घेतलं होतं. अठ्ठेचाळीस नग, वाडगे, सुरया आणि उभट बरण्या, एकदा भाजून, वर ग्लेझ, म्हणजे दुसऱ्या भाजणीत काचेसारखा होणारा थर, लावून फळ्यांवर तयार होते. शुक्रवारी त्यांची शेवटची भट्टी लावायची, शनिवारी थंड झाली की काढायची आणि रविवारी मांडायची, इतकं सगळं मोजून मापून ठेवलेलं होतं. नेमकं सोमवारी ताईंच्या थोरल्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. गुरुवार संध्याकाळपर्यंत ताईंना तिकडे राहणं भाग होतं.

निघताना त्यांनी गाळ्याची किल्ली साहेबांच्या हातात दिली. देताना त्या क्षणभर थांबल्या, हे साहेबांनी पाहिलं, पण त्याचा अर्थ त्यांनी आपल्याला सोयीचा लावला.

"भट्टी आतून झाडून ठेवा," ताई म्हणाल्या. "व्हॅक्यूमने, हलक्या हाताने. खाचांमध्ये विटांची भुकटी पडते, ती राहिली की कॉइल तिथे जास्त तापते आणि लवकर जाते. बाकी कशाला हात लावू नका."

साहेबांनी मान डोलावली. त्यांनी पहिलं वाक्य आदेश म्हणून ऐकलं आणि शेवटचं शिष्टाचार म्हणून.

ज्यांनी अशी भट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. ती कमरेइतक्या उंचीची, पिंपासारखी असते, वर झाकण. आतून मऊ पांढऱ्या विटांचं अस्तर, विटांमध्ये गोल गोल खाचा, आणि खाचांत स्प्रिंगसारखी वेटोळी घातलेली जाड तार. तीच कॉइल. अशा सहा कॉइल होत्या. वीज सोडली की त्या लाल होतात, मग नारिंगी, मग बघवत नाही. बंद असताना मात्र त्यांच्याकडे बघून कुणाला आदर वाटणार नाही. त्या राखाडी, निस्तेज आणि खरबरीत दिसतात.

सोमवारी दुपारी साहेबांनी झाकण उघडलं, टॉर्च मारला, आणि त्यांच्यातला तपासनीस दचकून जागा झाला. वीस वर्षं ही बाई भांडी करतेय आणि कॉइलवर हा मळ. नोकरीत ते एक गोष्ट पक्की शिकले होते, की जे चकाकतं ते पास. एका गोदामात आगीच्या बादल्यांमधली वाळू धुऊन, चाळून, वाळवून ठेवलेली बघून त्यांनी लेखी कौतुक केलं होतं. त्या बादल्यांना बूड नव्हतं, हे पुढच्या वर्षी आग लागल्यावर कळलं. पण कौतुकाचं पत्र तोवर फाइलला लागलेलं होतं आणि ते अजूनही तिथे असेल.

व्हॅक्यूमचं काम त्यांनी वीस मिनिटांत संपवलं. ते नीट झालं, हे कबूल केलं पाहिजे. इथेच झाकण लावून ते वर गेले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. त्याऐवजी ते हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि पॉलिश पेपरचे बारा ताव आणि एक तारेचा ब्रश घेऊन आले.

संध्याकाळपर्यंत दोन कॉइल झाल्या. तो राखाडी थर सहजासहजी निघत नव्हता, आणि तो जितका चिवट, तितकी साहेबांना आपल्या कामाची गरज पटत गेली. खालून तार निघाली ती नव्या चमच्यासारखी. त्यांनी समोरच्या फ्लॅटमधल्या काकांना बोलावून दाखवलं. काका हा उंटावरचा शहाणा. विमानापासून वातापर्यंत कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असे, फक्त कुणी विचारावं लागे, आणि नाही विचारलं तरी चाले. त्यांनी भट्टीत डोकं घालून पाहिलं आणि सांगितलं, की गंज काढल्यामुळे आता वीज कमी लागेल, निम्मी म्हणा. गंज नव्हताच, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. रात्री ताईंचा फोन आला, भट्टी झाडली का म्हणून. साहेब म्हणाले, काम प्रगतीपथावर आहे.

मंगळवारी दुपारपर्यंत उरलेल्या चार कॉइलही चकचकीत झाल्या. आता एवढी झळाळी उघडी कशी ठेवायची, तिचं रक्षण व्हायला हवं, असा विचार साहेबांच्या मनात आला. मनात आलेला विचार त्यांनी आयुष्यात कधी वाया जाऊ दिला नव्हता. ताईंच्या टेबलावर एक वही होती. तिच्यात लिहिलेलं होतं, भट्टी लावण्यापूर्वी संरक्षक पांढऱ्या लेपाचे दोन हात द्यावेत. हा लेप भट्टीतल्या फळ्यांसाठी होता. ग्लेझ ओघळलं तर भांडं फळीला चिकटू नये म्हणून तो लावतात. पण फळ्यांचा उल्लेख मागच्या पानावर होता, आणि साहेबांनी मागचं पान उलटलं नाही. डबा तिथेच होता, ब्रश तिथेच होता. त्यांनी सहाही कॉइलना, वेटोळ्या-वेटोळ्यांतून, दोन हात दिले. एक तास वाळू दिलं. मग पुन्हा एक हात दिला, कारण खात्यात तपासणीच्या आदल्या दिवशी कुंपणालासुद्धा तीन हात देत.

लेप वाळल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की तिसऱ्या कॉइलचं एक वेटोळं खाचेतून बाहेर झुकलं आहे. बहुधा ते तारेच्या ब्रशाने ओढलं गेलं होतं. ओळ सोडून कुणी उभं राहिलेलं साहेबांना खपत नसे. त्यांनी अंगठ्याने ते आत ढकललं.

टक् असा आवाज आला. मोठा नव्हता. पण साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

तार दुभंगली होती. ते दोन्ही टोकांकडे बघत राहिले. आता शुक्रवार, आता रविवार, आता अठ्ठेचाळीस नग, असं एकेक त्यांच्या डोक्यात उतरत गेलं, आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना वहीत काय लिहावं ते सुचेना. त्यांना भीती वाटली. बायको रागावेल याची नव्हे, ती रागवायची थांबून फार वर्षं झाली होती. ती काहीच बोलणार नाही आणि गाळ्याची किल्ली परत मागेल, याची वाटली.

काका मदतीला धावले. त्यांच्या तरुणपणी घरोघरी विजेच्या शेगड्या होत्या आणि त्यांच्या तारा आठवड्याला तुटत. तुटलेली दोन टोकं एकमेकांत पीळ घालून जोडली की शेगडी उलट जास्त तापे. हा अनुभव काकांनी पक्कड हातात घेऊन सांगितला. त्यांनी एक टोक पकडलं, साहेबांनी दुसरं. टक्. टोक पकडीत आलं. पुन्हा पकडलं. टक्. सहा वेळा हा प्रकार झाला. कॉइल दर वेळी दोन बोटं आखूड होत गेली आणि काकांचा उत्साह तेवढाच वाढत गेला. शेवटी तुकड्यांची एक लहानशी रास भट्टीच्या तळाशी जमली. तेव्हा काकांना आठवलं की त्यांची औषध घ्यायची वेळ झाली आहे.

बुधवारी साहेबांनी भट्टीच्या मिस्त्रीला फोन केला. हा माणूस वीस वर्षांपूर्वी भट्टी बसवायला आला होता आणि अधूनमधून कॉइल बदलायला येई. बोलणं कमी. त्याने झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं. मग बहुधा आपण चुकीच्या भट्टीत पाहिलं असं वाटून पुन्हा उघडलं.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

साहेब म्हणाले, की तपासणीअंती असं आढळून आलं आहे, की कॉइलची काही प्रमाणात हानी झाली आहे.

मिस्त्री खाली बसला. त्याने एक तुकडा उचलून बोटांत फिरवला. मग त्याने जे सांगितलं ते त्याच्या मानाने भाषणच होतं. "साहेब, तो राखाडी थर म्हणजे मळ नव्हता. ती तिची कातडी होती. पहिल्यांदा तापते तेव्हा तार ती स्वतःवर धरते, तीच तिला जपते. ती तुम्ही सोलली. तार एकदा तापली की थंडपणी काचेसारखी होते, तिला हलवायचं तर लाल करूनच हलवायचं. आणि हा लेप तारेला लागला की तार त्याच्याखाली खाल्ली जाते. तुम्ही तिला एका मार्गाने मारलं असतं तरी चाललं असतं."

एकच बदलून भागेल का, असं साहेबांनी अगदी लहान आवाजात विचारलं. मिस्त्रीने सहा बोटं दाखवली. नव्या-जुन्या एकत्र घातल्या तर त्यांची ओढाताण होते, सहाच्या सहा बदलाव्या लागतील. नशिबाने या भट्टीचा संच त्याच्याकडे होता. तो गुरुवारी दुपारपर्यंत बसवून देणार होता. पण एक अट होती. नव्या कॉइल घातल्यावर भट्टी एकदा रिकामी लावायची, पूर्ण तापवायची, म्हणजे तारा आपली कातडी धरतील. तसं न करता थेट ग्लेझची भांडी लावली तर कॉइल वर्षभरही टिकणार नाहीत. शुक्रवारी भांडी लावायची असतील तर रिकामी भट्टी गुरुवारी सहाच्या आत सुरू व्हायला हवी, तरच ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात लावण्याजोगी होईल.

गुरुवार ऐकताच साहेबांनी डोळे मिटले. कारण गुरुवारी भट्टी लावायला इमारतीत बंदी होती, आणि ती बंदी त्यांनीच घातली होती.

त्याचं असं झालं होतं. भट्टी आणि लिफ्ट एकदम चालू झाल्या की इमारतीचा मुख्य फ्यूज उडे. त्यामुळे भट्टी लागली की लिफ्ट बंद. वीस वर्षांपूर्वी साहेब सोसायटीच्या कमिटीवर होते. बायकोला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी स्वतः एक चौदा कलमी नियमावली लिहिली. भट्टी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. इतर दिवशी लावायची तर कारण आणि त्याला जबाबदार व्यक्ती यांचा स्पष्ट उल्लेख असलेला अर्ज, अर्जदार सोडून तीन सभासदांची लेखी ना-हरकत, आणि तो अर्ज सर्वांच्या माहितीसाठी नोटीसबोर्डावर. त्या वेळी सभेत टाळ्या पडल्या होत्या. ताईंनी मात्र तेव्हा टाळ्या वाजवल्या नव्हत्या, असं आता साहेबांना आठवलं.

सेक्रेटरी हा बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ. जिन्यात सायकल ठेवल्याबद्दल साहेबांनी त्याला एके काळी तीन नोटिसा काढल्या होत्या. त्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि चष्मा पुसून अर्ज वाचायला घेतला. भट्टीच्या कॉइलची हानी झाल्याचे निदर्शनास आले असून, असं त्याने मोठ्याने वाचलं आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, की हानी कुणी केली. कलम सहा तसं विचारतं. साहेब म्हणाले, काही अपरिहार्य कारणांमुळे. सेक्रेटरी म्हणाला, अपरिहार्य कारणांचा फ्लॅट नंबर लिहावा लागेल. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. साहेबांनी चार वेळा अर्ज लिहिला, चार वेळा तो परत आला. एकदा त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरवर ठपका ठेवून पाहिला, तेव्हा सेक्रेटरीने व्हॅक्यूम क्लीनर सभासद आहे का, असं विचारलं.

पाचवा अर्ज गुरुवारी दुपारी स्वीकारला गेला. त्यात लिहिलं होतं, की मी, खाली सही करणाऱ्याने, माझ्या पत्नीने स्पष्ट मनाई केलेली असताना तिच्या भट्टीच्या सहा कॉइल पॉलिश पेपरने घासल्या, त्यांना चुकीचा लेप लावला आणि त्यांपैकी एक तोडली. चूक सर्वस्वी माझी आहे. एकतीस वर्षांत साहेबांनी इतकं सरळ काही लिहिलं नव्हतं. सेक्रेटरीने तो कागद चार टाचण्या लावून नोटीसबोर्डाच्या मधोमध लावला आणि एक पाऊल मागे जाऊन सरळ लागलाय का ते पाहिलं.

तोवर मिस्त्रीने नव्या कॉइल बसवून दिल्या होत्या. सहीसाठी साहेब दारोदार निघाले. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हसू दाबत सही केली, आणि तुम्ही दाताला पॉलिश पेपर लावत नाही ना, अशी चौकशी केली. तळमजल्यावरच्या वकिलांनी सर्व हक्क राखून असं लिहून सही केली. तिसरी सही काकांची, असं साहेबांनी धरूनच ठेवलं होतं. काकांनी दार अर्धं उघडलं. पीळ घालायचा सल्ला आपण दिला होता हे त्यांना आठवत नव्हतं, पक्कड त्यांच्या घरात नव्हतीच, आणि गुडघेदुखीमुळे लिफ्ट बंद ठेवायला त्यांची सक्त हरकत होती. त्यांनी कानावर हात ठेवले आणि दार लावून घेतलं. वरच्या दोन्ही मजल्यांवरची मंडळी कामावर होती किंवा आतून टीव्हीचा आवाज येऊनही घरी नव्हती.

पावणेसहा वाजता साहेब दोन सह्यांचा कागद घेऊन खाली आले, तेव्हा नोटीसबोर्डासमोर ताई उभ्या होत्या. हातात बॅग होती. त्या वाचत होत्या. सेक्रेटरी शेजारी उभा होता आणि जणू तिथे त्याचं काही काम आहे असं दाखवत होता. ताईंनी अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग गाळ्यात जाऊन त्यांनी झाकण उघडून नव्या कॉइल पाहिल्या, आणि परत आल्या.

साहेबांनी तोंड उघडलं. त्यांच्या मनात एक सविस्तर निवेदन होतं, पण बाहेर भलतंच आलं. "मला वाटलं," ते म्हणाले, "तुझ्या कामात माझाही काही उपयोग व्हावा."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"अठ्ठेचाळीस नग ठीक आहेत?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहेत. त्यांना हात लावला नाही."

"ते कसे सुटले?"

"पॉलिश पेपर संपला," साहेब म्हणाले. आता खोटं बोलण्यात काही राम उरला नव्हता.

सेक्रेटरी खोकला, आणि त्याने आठवण करून दिली की अजून एक सही कमी आहे आणि सहाला दहा मिनिटं आहेत. सभासद कुणीही चालेल, फक्त अर्जदार नको. ताईंनी त्याला विचारलं, गाळा कुणाच्या नावावर आहे. तो म्हणाला, तुमच्या. मग मी सभासद आहे की नाही, त्यांनी विचारलं. सेक्रेटरीला होय म्हणावं लागलं. नियमावलीत त्याला मनाई करणारं कलम नव्हतं. चौदा कलमं लिहिताना साहेबांच्या मनात पंधरावं आलं नव्हतं.

ताईंनी बॅग खाली ठेवली. साहेबांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि कागद भिंतीला टेकवून सही केली. सहीवर लिहिलं, रिकामी भट्टी लावण्यास हरकत नाही. मग थोडा विचार करून खाली आणखी एक ओळ लिहिली आणि पेन परत न देता त्या आत गेल्या. सहाला पाच मिनिटं कमी असताना भट्टी सुरू झाली, लिफ्ट बंद झाली. शुक्रवारी ग्लेझची भट्टी वेळेवर लागली आणि रविवारी अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस नग मांडले गेले, ही पुढची गोष्ट.

साहेब कागदासमोर उभे राहून ती ओळ वाचत होते. मात्र अर्जदाराने यापुढे भट्टीच्या दहा फुटांच्या आत येण्यास सक्त हरकत आहे. खाली सही, तारीख, वेळ. लेखी आदेश होता आणि त्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. साहेबांनी वर जाऊन मोजायची टेप आणली आणि भट्टीच्या भिंतीपासून दहा फूट मोजले. ते बरोबर जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर संपत होते. साहेब तिथे बसले, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे त्या संध्याकाळी घरी परतणाऱ्या प्रत्येकाला आधी नोटीसबोर्ड वाचून मग त्यांना ओलांडून वर जावं लागलं.